अंगाला लागेल असं खाणं, ताकद वाढेल असा व्यायाम

"कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही," असं म्हणत जो कोणी माझ्याकडे येतो, त्याला मी आधी एक वही आणायला सांगते. पहिले सात दिवस तिच्यात फक्त नोंद करायची: काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता खाल्लं. खाण्यात काही बदल करायचा नाही, चांगलं दिसावं म्हणून एखादी ओळ गाळायचीही नाही. आठव्या दिवशी आम्ही दोघं बसून ती पानं वाचतो. बहुतेक वेळा कारण तिथंच सापडतं. रात्री भरपेट जेवलेलं असतं आणि तेच डोक्यात राहिलेलं असतं. सकाळी नुसत्या चहावर भागवलेलं, दुपारी कामाच्या गडबडीत अर्धं जेवण राहिलेलं, सुट्टीच्या दिवशी उशिरा उठल्यामुळे एक जेवण बुडालेलं, हे मात्र विसरलेलं असतं.

मी वजन उचलायला शिकवते आणि स्वतःही उचलते. शिकायला येणाऱ्यांत विशी-पंचविशीतली काडी अंगाची मुलं-मुली जास्त, आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून येणाऱ्या पन्नाशी-साठीच्या बायकाही बऱ्याच. दोघांनाही मी तत्त्व एकच सांगते, कारण स्नायूला वय विचारायची सवय नसते. मारिया फियाटारोने या संशोधक डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे वजनाचा व्यायाम दिला होता. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्यामुळे "आता माझ्याच्यानं कुठलं होतंय" हे मी कुणाकडूनही ऐकून घेत नाही.

एक अट मात्र आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, हर्निया, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि मग पुढचं वाचा.

शरीर गरजेशिवाय स्नायू बाळगत नाही. स्नायूवर पुरेसा ताण पडला की त्याच्या आत प्रथिनं बांधण्याचं काम वाढतं आणि ते पुढचा दीड-दोन दिवस वाढलेलं राहतं. त्या काळात शरीराला बांधायला माल लागतो, म्हणजे प्रथिनं, आणि काम चालवायला ऊर्जा लागते. ताण नसेल तर जास्तीचं खाणं चरबीत जातं. खाणं नसेल तर सगळी मेहनत फुकट जाते. दोन्ही हवं, आणि दोन्हीत दर थोड्या दिवसांनी थोडी भर पडायला हवी. ही भर घालण्याची पद्धत वैद्यकात रुजवली ती थॉमस डेलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरनं. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे पाय पुन्हा बळकट करण्यासाठी त्यानं हलक्या वजनाच्या ढीगभर आवर्तनांऐवजी जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढं जड वजन दिलं आणि ताकद वाढेल तसं वजन वाढवत नेलं. त्याचा पहिला लेख १९४५ चा. आज जगभरच्या जिममध्ये "तीन सेट, दहा रेप्स" म्हणतात (रेप म्हणजे एक आवर्तन, सेट म्हणजे न थांबता सलग केलेली आवर्तनं), त्याचं मूळ त्याच्याच कामात आहे.

व्यायाम

आठवड्यातून तीन दिवस पुरेत, पण मध्ये एकेक दिवस सुट्टी हवी. दोन वेगवेगळे दिवस ठरवा आणि आलटूनपालटून करा. पहिल्या दिवशी स्क्वॉट (खांद्यांवर वजन घेऊन बसून उठणं), बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून छातीवरून वजन वर ढकलणं) आणि रोइंग (पुढे वाकून वजन पोटाकडे ओढणं). दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून सरळ उभं राहणं), ओव्हरहेड प्रेस (उभं राहून वजन डोक्यावर ढकलणं) आणि पुल-अप (वरच्या दांड्याला लटकून अंग वर ओढणं). पुल-अप निघत नसेल तर लॅट पुलडाउन (मशीनवर बसून वरचा दांडा छातीकडे ओढणं). प्रत्येकाचे तीन सेट. स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि दोन्ही प्रेसमध्ये पाच ते आठ रेप्स, बाकीच्यांत आठ ते बारा. दंडांसाठी काही करायचं असेल तर शेवटी दोन सेट मारा, माझी हरकत नाही, पण सुरुवात त्यानं करू नका. थकलेल्या हातांनी रोइंग नीट होत नाही आणि पाठ वाढते ती रोइंगनं.

बस, एवढंच. दर आठवड्याला नवा व्यायाम शोधणारी मंडळी मला फार दिसतात. व्यायाम बदलला की अंग दुखतं आणि काहीतरी झाल्यासारखं वाटतं. पण मागच्या आकड्याशी ताडून बघायला काही उरत नाही, त्यामुळे आपण वाढतोय की नाही हेच कळत नाही.

स्क्वॉटबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण तो नीट बसला की बाकीचं शिकणं सोपं जातं. बार, म्हणजे वजनाच्या प्लेट्स चढवायचा लांब दांडा, रॅकच्या उभ्या चौकटीवर खांद्याच्या उंचीपेक्षा थोडा खाली लावा, म्हणजे काढताना टाचा उचलाव्या लागणार नाहीत. बार मानेच्या मणक्यावर नको. मानेखाली, खांदे मागे ओढल्यावर जो मांसाचा उंचवटा तयार होतो त्यावर हवा. पकड घट्ट, कोपरं खाली. बार उचलून दोन पावलं मागे या, जास्त नको. पाय खांद्याइतके किंवा किंचित जास्त फाकवा, चवडे थोडे बाहेरच्या बाजूला. आता पोटात खोल श्वास घ्या, छातीत नको, आणि कुणी पोटात गुद्दा मारणार आहे असं समजून पोट आवळा. तो श्वास धरूनच खाली जा. गुडघे चवड्यांच्या दिशेनं जाऊ द्या, आत पडू देऊ नका. मांडी जमिनीला समांतर झाली, किंवा जरा खाली गेली, की पूर्ण तळव्यानं जमीन ढकलत वर या. श्वास सोडायचा तो जवळजवळ वर आल्यावर. रक्तदाब जास्त असलेल्यांनी श्वास असा धरून ठेवायचा नाही. त्यांनी हलकं वजन घेऊन वर येताना श्वास सोडत राहावं. आणि कुणीही रॅकच्या आडव्या सुरक्षा पट्ट्या लावल्याशिवाय बारखाली जाऊ नये, वजन कितीही कमी असो.

रिकामा बार २० किलोचा असतो. तोही जड वाटत असेल तर लाजायचं काही कारण नाही. एक डंबेल छातीशी दोन्ही हातांनी धरून तोच स्क्वॉट करा, म्हणजे गॉब्लेट स्क्वॉट. माझ्याकडे येणाऱ्या एका काकू ६ किलोच्या डंबेलनं सुरुवात करून आता बारखाली आरामात जातात.

वजन किती वाढवायचं? सुरुवातीचे काही महिने स्क्वॉट आणि डेडलिफ्टमध्ये दर वेळी २.५ किलो, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा किलोची एकेक प्लेट. वरच्या अंगाच्या व्यायामात हा हिशेब लवकर अडतो. ओव्हरहेड प्रेस ३० किलोवर असेल तर २.५ किलो म्हणजे आठ टक्क्यांची उडी, आणि ती एका फटक्यात झेपत नाही. तिथं आधी रेप्स वाढवा. तेच वजन पाच-पाच-पाच, मग सहा-सहा-पाच, असं करत तिन्ही सेटमध्ये आठ झाले की मगच प्लेट चढवा आणि पुन्हा पाचावर या. अर्ध्या किलोच्या प्लेट्स मिळाल्या तर फारच छान.

जड सेटला थेट हात घालू नका. आधी रिकाम्या बारनं दोन सेट, मग ठरलेल्या वजनाच्या साधारण निम्म्यावर पाच रेप्स, मग तीन चतुर्थांशावर तीन, आणि मग खरं काम. दोन सेटच्या मध्ये दोन ते तीन मिनिटं बसा. घड्याळ लावूनच बसा, कारण मोबाइल हातात घेतला की तीनाची दहा मिनिटं होतात. उलट, घाम निथळावा म्हणून तीस सेकंदांत पुढचा सेट उचलला तर वजन कमी करावं लागतं, आणि आपण इथं आलोय ते जास्त वजन उचलायला.

प्रत्येक सेट कुठं थांबवायचा हे शिकायला थोडे आठवडे जातात. नियम असा: अजून एक-दोन रेप्स नीट निघाल्या असत्या अशा ठिकाणी थांबा. खूण ओळखायची ती बारच्या वेगावरून. तुम्ही तेवढाच जोर लावताय, तरी बार आपोआप संथ होतो. त्यानंतर फार तर दोन रेप्स शिल्लक असतात. दहा मारल्यावरही पहिलीइतकीच चपळ रेप निघत असेल तर वजन फार हलकं आहे आणि त्या सेटनं स्नायूला काही सांगितलेलं नाही. दर वेळी बार अडकेपर्यंत मारायचीही गरज नाही. त्यानं पुढच्या दिवसाचा व्यायाम बिघडतो.

आता वहीत लिहायचं. "स्क्वॉट ४५ किलो, ८, ८, ७. शेवटच्या दोनमध्ये गुडघे आत. झोप पाच तास." एवढी ओळ पुरते. पुढच्या वेळी ती वाचूनच बारवर वजन लावा. महिन्याभरानं मागचं पान उलटलं की आरसा जे दाखवत नाही ते तिथं दिसतं. आणि आरसा सुरुवातीला काही दाखवणारच नाही, हे आधीच सांगून ठेवते. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. आहे तोच स्नायू जास्त चांगल्या प्रकारे कामाला लावायला मेंदू शिकतो. मोरितानी आणि डी-व्हरीज या संशोधकांनी १९७९ मध्ये हे मोजून दाखवलं. स्नायूचा आकार डोळ्यांना दिसायला त्याहून जास्त वेळ लागतो. "दोन महिने झाले, काहीच फरक नाही" म्हणून सोडणारे नेमके फरक दिसायच्या तोंडावर सोडतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

खाणं

रोज सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा. रोजचा आकडा मनावर घेऊ नका; मीठ, पाणी, आदल्या रात्रीचं जेवण यामुळे एक-दीड किलो सहज इकडेतिकडे होतं. सात दिवसांची सरासरी काढा आणि तिची मागच्या आठवड्याच्या सरासरीशी तुलना करा. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या पाव ते अर्धा टक्का वाढ हवी. ६० किलोच्या माणसासाठी ती दीडशे ते तीनशे ग्रॅम होते. कमी वाटतंय ना? याहून वेगानं वाढवलं तर जास्तीचा भाग बहुतांशी चरबीचा असतो, आणि मग पुढचे काही महिने ती उतरवण्यात जातात.

किती खायचं हे शोधायला मोठी गणितं नकोत. पहिल्या सात दिवसांच्या नोंदीत जे खाणं आहे त्यावर वजन स्थिर असेल, तर त्यात रोज तीनशे कॅलरी वाढवा. तीनशे कॅलरी म्हणजे साय न काढलेल्या दुधाचे दोन ग्लास, किंवा साधारण ५० ग्रॅम शेंगदाणे. ज्यांची भूकच कमी, त्यांच्यासाठी दूध उत्तम, कारण प्यायलेल्या कॅलरींनी पोट तितकं भरत नाही. दूध, केळं, ओट्स आणि एक चमचा शेंगदाण्याचं बटर मिक्सरमधून काढा आणि दोन जेवणांच्या मध्ये प्या. जेवणाच्या आधी लगेच नको, नाहीतर जेवण कमी जातं आणि होता तो हिशेब तिथंच राहतो. दूध पचत नसेल तर सोया दूध घ्या.

प्रथिनांचा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे: शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅम. एकोणपन्नास प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून २०१८ मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सरासरीनं याच आकड्याच्या पुढे जास्त प्रथिनांचा स्नायूंना वेगळा फायदा दिसला नाही. २.२ पर्यंत गेलात तरी निरोगी माणसाला चालतं, पण त्यासाठी जीव टाकू नका. ६० किलोला १.६ नं गुणलं की ९६. समजा शंभर.

हे शंभर ताटात कसे दिसतात ते बघा. तीन अंडी म्हणजे १८. दिवसभरात अर्धा लिटर दूध, १६. शिजवलेल्या डाळीच्या दोन मोठ्या वाट्या, साधारण ३०० ग्रॅम, म्हणजे २७. शिजवलेलं चिकन १०० ग्रॅम, ३१. दोन्ही वेळचा मिळून ४०० ग्रॅम शिजलेला भात, ११. झाले १०३. शाकाहारी असाल तर अंडी आणि चिकन काढून त्या जागी ५० ग्रॅम सुके सोया चंक्स (२६), ५० ग्रॅम शेंगदाणे (१२) आणि ३०० ग्रॅम दही (१०) ठेवा. बेरीज १०२ होते. मांसाहाराशिवाय अंग भरत नाही हा समज वहीतल्या या बेरजेपुढे टिकत नाही.

इथं एक घोळ जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत सापडतो. पाकिटावर छापलेली प्रथिनं कच्च्या डाळीची असतात. कच्च्या डाळीत १०० ग्रॅममागे २४ ग्रॅमच्या आसपास. तीच शिजून पाणी प्यायली की १०० ग्रॅममागे साधारण ९. शिजलेली डाळ तोलून कच्च्याचा आकडा लिहिला तर कागदावर शंभर भरतात आणि पोटात निम्मेही जात नाहीत. म्हणून एक आठवडाभर स्वयंपाकघरातला छोटा तराजू वापरा. नंतर नजर बसते आणि तराजूची गरज पडत नाही.

दिवसाची प्रथिनं तीन-चार जेवणांत वाटून घ्या, एकेका वेळी पंचवीस-तीस ग्रॅम. व्यायाम संपल्या संपल्या अर्ध्या तासात खाल्लंच पाहिजे असं काही नाही. पुढचं जेवण वेळेवर झालं की पुरे. भात, बटाटे, फळं यांना घाबरू नका, जड सेट त्यांच्याच जोरावर निघतात. तेल, सुकामेवा, अंड्याचा पिवळा भाग टाकू नका. ज्याला वजन वाढवायचंय त्यानं पिवळा बलक फेकून देणं मला पाहवत नाही. अंड्याच्या जवळपास निम्म्या प्रथिनांसकट बाकीचं बरंच पोषण त्यातच असतं. भाज्या आणि पाणी नेहमीसारखं, फक्त जास्त खाल्ल्यावर पोट साफ राहायला दोन्ही थोडं जास्त.

पावडरींबद्दल रोज विचारणा होते. व्हे प्रोटीन म्हणजे दुधातून वेगळं काढलेलं प्रथिन. एका ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये वीस ते पंचवीस ग्रॅम मिळतं. ताटातून शंभर होत नसतील तर जरूर घ्या, होत असतील तर गरज नाही. क्रिएटिन मोनोहायड्रेट, म्हणजे जड सेटमध्ये स्नायूंना झटपट ऊर्जा मिळायला मदत करणारी पावडर, मात्र उपयोगाचं आहे आणि त्यावर भरपूर अभ्यास झालेला आहे. रोज ३ ते ५ ग्रॅम, कुठल्याही वेळी, पाण्यातून. सुरुवातीला वजन किलो-दीड किलोनं वाढेल. ते स्नायूंत धरलेलं पाणी असतं, त्यामुळे त्या दोन-तीन आठवड्यांच्या सरासरीवरून खाण्याचा निर्णय घेऊ नका. रक्तातलं क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचं काम बघायला मोजतात ते) थोडं वाढलेलं दिसू शकतं, म्हणून तपासणी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर क्रिएटिन नकोच.

आणि कधी ना कधी कुणीतरी शेजारी उभं राहून स्नायू झटपट वाढवणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल बोलेल. हात जोडून सांगते, नको. बाहेरून स्टेरॉइड गेलं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवतं, चांगलं कोलेस्टेरॉल खाली जातं, हृदयाची भिंत जाड होते. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला यातलं काहीच बाहेरून दिसत नाही, म्हणून मला त्यांची जास्त काळजी वाटते.

झोप सात ते नऊ तास. यावर जास्त लिहीत नाही, पण माझ्या अनुभवात "अडकलोय" म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जण रात्री एकनंतर झोपणारे निघतात.

अडलं तर

वहीत दर आठवड्याला दोन आकडे समोरासमोर ठेवा: वजनकाट्याची सरासरी आणि बारवरचं वजन. काटा दोन आठवडे हलला नाही तर रोजच्या खाण्यात आणखी दोनशे कॅलरी. काटा वर जातोय पण बार जागेवरच, तर आधी झोप बघा, मग मधली विश्रांती, मग एखाद्या जाणत्याकडून किंवा बाजूनं व्हिडिओ काढून आपली पद्धत तपासा. दर दोन आठवड्यांनी बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. बार वाढत नाही आणि कंबरच वाढतेय, तर जास्तीचं खाणं निम्मं करा.

दोन दिवसांनी मांड्या भरून येणं, जिना उतरताना त्रास होणं, हे नव्या माणसाला होणारच. चार-पाच दिवसांत जातं आणि हळूहळू कमी होत जातं. सांध्यात टोचल्यासारखी कळ, हातापायात मुंग्या, छातीत दुखणं, हे आलं की तिथल्या तिथं बार खाली. फार जोराच्या व्यायामानंतर लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटल्याची ती खूण असू शकते आणि त्यानं मूत्रपिंड धोक्यात येतं.

एकाच वजनावर सलग तीन वेळा ठरलेल्या रेप्स निघाल्या नाहीत, तर त्या व्यायामात दहा टक्के वजन उतरवा आणि पुन्हा चढत या. बहुतेक वेळा दुसऱ्या चढाईत तो आकडा मागे पडतो. काही महिन्यांनी असंही होईल की दर वेळी २.५ किलो वाढणारच नाहीत. मग दर आठवड्याला एकदा वाढवा, आणि एक सेट वाढवून बघा. दर सहा-आठ आठवड्यांनी एक आठवडा सेट निम्मे करा, वजन दहा-पंधरा टक्क्यांनी हलकं ठेवा, सांध्यांना आराम द्या. व्यायाम कमी आहे म्हणून त्या आठवड्यात जेवण मात्र कमी करू नका.